आग्रहाचा माणूस

डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी सात वाजता, तापीपलीकडच्या रांदेरमध्ये वाफवलेल्या डाळीच्या लोचोच्या टपरीमागे उत्पल जानी कानटोपी भुवयांपर्यंत ओढून उभा होता. थंडी होती म्हणून नव्हे हं! सुरतेत थंडी ती काय पडते! टोपी होती तोंड लपवायला. उत्पल म्हणजे लग्नाच्या जेवणांचे आचारी किरीट महाराज यांचा मुलगा. लग्नकार्यात अर्ध्या सुरतेने त्याच्या हातचं वाढलेलं खाल्लेलं. कोणीतरी बघणार, आणि तासाभरात मम्मीला फोन जाणार, ‘अहो, तुमचा उत्पल डाएटवर आहे ना? मग हा रांदेरला लोचो कोण हाणतोय?’ म्हणून तर पठ्ठ्या नदी ओलांडून आला होता.

“भाई, अजून एक प्लेट?” टपरीवाल्याने विचारलं.

उत्पलने नाही म्हणायला तोंड उघडलं.

“गरम आहे. आत्ताच घाणा उतरवलाय. खास तुमच्यासाठी भाई, लोणी जास्त घालतो!”

“बरं... द्या,” उत्पल म्हणाला.

झालं. हाच त्याचा आजार. भूक नसायची, हौसही नसायची, पण कोणी प्रेमाने पुढे केलं की त्याच्या जिभेला ‘नको’ हा शब्दच सापडत नसे. एकशे चार किलोचा तो देह असाच लोकांच्या प्रेमातून उभा राहिला होता.

तिसरी प्लेट घेऊन तो वळला, तेव्हा त्याला ती दिसली. टपरीच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून एक मुलगी खात होती. प्लेट अगदी छातीशी धरलेली, लांबसडक वेणी पाठीवर, आणि घास असे भराभर, जणू कोणी येऊन हातातून काढून घेणार आहे. एवढा वाफाळता लोचो, वर शेव, कांदा, हिरवी चटणी... आणि ही बया भिंत बघत खातेय! उत्पलला राहवेना. तो जरा पुढे सरकला आणि नेमकी तेव्हाच ती वळली. तिचं कोपर त्याच्या प्लेटला लागलं आणि चटणी तिच्या मोहरी रंगाच्या ओढणीवर!

“सॉरी, सॉरी! थांबा, पाणी आणतो—”

“नको, नको. राहू दे.” तिने घाबऱ्याघुबऱ्या इकडेतिकडे पाहिलं. “तुम्ही इथलेच का?”

“नाही. नानपुऱ्याचा.”

“मी अडाजणची.” ती हळूच म्हणाली. “म्हणजे... कोणाला सांगायला जाणार नाही ना तुम्ही? तुम्ही मला पाहिलंच नाही.”

“कोणाला?” उत्पल म्हणाला.

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग खुदकन हसली. तिच्या वरच्या ओठावर शेवेचा एक तुकडा चिकटला होता. तो सांगावा की सांगू नये... उत्पलचं काही ठरेना.

“मग मीही कोणाला पाहिलं नाही,” ती म्हणाली. “कानटोपीवाल्याला तर मुळीच नाही.”

आणि स्कूटी सुरू करून निघूनही गेली. शेवेसकट!

गुरुवारी सकाळी उत्पल अठवालाइन्सच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, डॉ. मृदुला चोकसींच्या खोलीत शिरला. मृदुलाबेन खाण्यामागच्या मनाच्या डॉक्टर. त्यांच्या खोलीत वजनकाटा नव्हता. नव्या माणसाला त्याचंच आश्चर्य वाटे. गोल मांडलेल्या आठ खुर्च्या, आणि प्रत्येकाच्या हातात एक वही. वहीत चार रकाने : काय खाल्लं, कोणाबरोबर, दहापैकी किती भूक होती, आणि मनात काय चाललं होतं. या गुरुवारच्या मेळाव्याला तिथल्याच मंडळींनी नाव ठेवलं होतं : भूकमंडळ.

आणि उत्पलच्या समोरच्या खुर्चीत, चटणीचा डाग न गेलेली मोहरी ओढणी घेऊन ती बसलेली!

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही आपापल्या वहीत डोकं खुपसलं.

“आज आपल्याकडे एक नवीन मेंबर आहे. झरणा चेवली. साड्यांच्या काठांची डिझाइनं काढते,” मृदुलाबेन म्हणाल्या. “वाच बघू झरणा, मंगळवारचं.”

झरणाने घसा खाकरला. “सकाळी... दुधीचा रस. आणि वाटीभर मोड आलेले मूग.”

“छान. उत्पल, तुझं?”

“सकाळी... कोमट पाणी,” उत्पल म्हणाला. “लिंबू पिळून.”

समोरून एक बारीक आवाज आला. झरणा हसू दाबत होती. तिच्या हसण्याने उत्पललाही उबळ आली. त्याने खोकल्याचं सोंग केलं. शेजारच्या हिरेदलाल नटूभाईंनी काळजीने त्याच्या पाठीवर दोन रट्टे दिले.

“बेन, माझी एक शंका,” नटूभाईंनी मग स्वतःचंच घोडं दामटलं. “दुकानात नुसतं चाखलेलं खाण्यात धरायचं का हो?”

“किती चाखलं, नटूभाई?”

“पावशेर.”

खोलीत हशा पिकला. मृदुलाबेनही हसल्या. मग म्हणाल्या, “वही खोटी लिहिलीत तरी मी रागावणार नाही. पण खोटं कोणासाठी लिहिलंत, तेवढं स्वतःला विचारा. दिवसभर मूग गिळून संध्याकाळी एक भजी खाल्ली, की माणूस म्हणतो, आता मोडलंच आहे तर होऊन जाऊ दे! आणि मग अख्खी कढई. लोक त्याला लालूच म्हणतात. ती लालूच नसते, स्वतःवर काढलेला राग असतो.”

मग त्यांनी जोड्या लावल्या. दर आठवड्याला दोघांनी समोरासमोर बसायचं, एकच पदार्थ दहा मिनिटांत खायचा, फोन बंद ठेवायचा. “उत्पलला नको म्हणता येत नाही,” मृदुलाबेन म्हणाल्या, “आणि झरणाला चारचौघांत हो म्हणता येत नाही. ही घरात, लग्नात, ऑफिसात घासभर खाते आणि मग एकटी... असो. तुम्ही दोघं एकमेकांचे मास्तर.”

जिन्यावर उत्पलने तिला गाठलं.

“मूग, हं? मोड आलेले?”

“आणि कोमट पाणी!” झरणा म्हणाली. “लिंबू पिळून! तोंड वर करून सांगत होतात.”

“तुमच्या मुगांवर शेव होती. ओठावर राहिली होती.”

तिचा हात झटकन ओठाकडे गेला. “तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पुसली असती ना,” उत्पल बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.  उरलेल्या पायऱ्या झरणा अगदी सावकाश उतरली.

तर अशी त्यांची शाळा सुरू झाली. जागा ठरली तापीकाठच्या बागेतला बाक. वेळ शनिवार सकाळ. पहिल्या शनिवारी खमणचा एक तुकडा. झरणाने तो तोडला, बोटांत चुरला, इकडे माणूस, तिकडे माणूस बघितलं आणि दहा मिनिटं संपली तरी तोंडात काही गेलं नाही. शेवटी चुरा चिमण्यांना घातला. 

दुसऱ्या शनिवारी तिने पाठ फिरवून खाल्लं. तिसऱ्या शनिवारी निम्मी वळून.

“मला मदत करायची असेल तर बघू नकोस,” ती म्हणाली. एव्हाना दोघं अरेतुरेवर आली होती.

“बघू नको तर मग समोर बसून करू काय?”

“नदी बघ.”

“नदी मी अठ्ठावीस वर्षं बघतोय!”

ती हसली, आणि हसता हसता तिने घास घेतला. स्वतःच्याही नकळत! पुढच्याच क्षणी तिला कळलं, तशी ती थबकली... पण तोंड फिरवलं नाही. उत्पलच्या डोळ्यांत बघत, हळूहळू चावत, तो घास तिने गिळला. कपाळावर घामाचे थेंब आले होते तिच्या. ऐन जानेवारीत!

खरं सांगायचं तर उत्पल त्याच घासाला तिच्या प्रेमात पडला. पंगती वाढता वाढता त्याने हजारो माणसं खाताना पाहिली होती. पैजा लावून पन्नास पन्नास जिलब्या उडवणारे पाहिले होते आणि त्यांना टाळ्याही दिल्या होत्या. पण एका घासासाठी एवढं धैर्य एकवटणारं माणूस तो प्रथमच पाहत होता. त्याला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, हे त्याचं शहाणपण.

मग पाळी त्याची. झरणाने आग्रह करायचा आणि त्याने नको म्हणायचं.

“घे ना अजून एक,” झरणा म्हणाली. ती आग्रहात अगदीच कच्ची होती.

“नको.”

“बरं.”

“असा नसतो आग्रह!” उत्पल कळवळला. “असं एका नको-वर सोडून दिलंस तर सुरतेत तुला माणूस कोण म्हणेल? डोळ्यात बघायचं, आवाज जरा खाली आणायचा, आणि समोरच्याला वाटलं पाहिजे, हा घास नाही घेतला तर हिचा जीव जाईल.”

झरणाने हुरड्याचा एक पोंकवडा उचलला. जरा पुढे झुकली. त्याच्या डोळ्यांत बघत, आवाज खाली आणत म्हणाली, “उत्पल... माझ्यासाठी?”

उत्पलने वडा खाल्ला. त्यानंतर आणखी तीन.

“नापास!” झरणा टाळी वाजवून ओरडली. “साफ नापास! अरे, तुझं काय होणार?”

“मलाही तोच प्रश्न पडलाय,” उत्पल पुटपुटला.

पण खोटं कशाला बोला, तो शिकत होता. झरणाने त्याला एक साधी युक्ती दिली होती : “नको म्हणताना समोरच्याचा हात हातात घे. म्हणजे त्याला कळेल, तू पदार्थाला नको म्हणतोयस, त्याला नाही.” ही युक्ती त्याने टपरीवाल्यावर करून पाहिली. टपरीवाला दचकला, लाजला, पण दुसरी प्लेट आली नाही. उत्पलला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याचं पोट त्याचं स्वतःचं होतं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचे फाटके कागद अजून झाडांना लटकलेले होते, तेव्हाची गोष्ट. झरणा बाकावर आली तीच उड्या मारत.

“पौलोमीचं लग्न ठरलं! माझी शाळेपासूनची मैत्रीण. बारा फेब्रुवारीला, दुपारचं जेवण. तिचे पप्पा जुन्या वळणाचे. बुफे नको, पाटावर बसून पंगतच हवी म्हणतात.” ती थांबली. “उत्पल, मी ठरवलंय. त्या पंगतीत बसून जेवायचं. पूर्ण ताट. सगळ्यांच्या देखत.”

“झरणा!”

“आणि जेवण कोणाचं आहे, माहितेय? किरीट महाराजांचं! म्हणजे तू असणार. तू असलास की मला भीती नाही वाटत.”

उत्पलची छाती नुसती फुगली. तेव्हा त्याने विचारायला नको होतं, पण विचारलं. “झरणा, हे सगळं... सुरू कसं झालं गं?”

तिने बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तीन वर्षं झाली. नवसारीला मामेबहिणीचं लग्न होतं, वसंतपंचमीचं. पंगतीत मी, आई, सगळ्या मामी-मावश्या. मला जिलेबी आवडायची. दोन घेतल्या होत्या. तिसरी मागणार, तेवढ्यात वाढपी आला. मी नीट पाहिलंही नाही त्याला, मान खाली होती. त्याने परात माझ्यापुढे धरली आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं ओरडला, ‘या बेनला आग्रह कसला करायचा भाई? या बेनच्या ताटाला तर ब्रेक लावायला हवा!’ आणि वर पाच जिलब्या घातल्या. सगळी पंगत हसली. आईसुद्धा हसली रे. पानात टाकणं बरं दिसत नाही, म्हणून मी त्या पाचही खाल्ल्या... लोक मोजत होते. त्या दिवसापासून माझ्या पानाकडे कोणी बघितलं की घसाच बंद होतो.”

वारा आला. झाडातला एक फाटका पतंग फडफडला.

 तो विनोद उत्पलचा होता. त्याचा एकट्याचा! किरीट महाराजांच्या वाढप्यांमध्ये आग्रहाचं काम त्याच्याकडे असे : परात घेऊन पंगतीतून हिंडायचं, हसवायचं, भरवायचं. आणि पंगतीत जरा भरल्या अंगाची बाई दिसली, की तो ब्रेकचा विनोद ठरलेला. नवसारीच नाही, बारडोलीत, वलसाडला, भरूचला... दोनशे लग्नांत तरी त्याने तो केला असेल. दर वेळी पंगत हसायची. दर वेळी पप्पा पाठ थोपटायचे.

“काय झालं?” झरणाने विचारलं. “असा पांढरा का पडलास?”

“काही नाही,” तो म्हणाला. “उशीर झाला. पप्पा वाट बघत असतील.”

त्या संध्याकाळी तो घरी जेवला, मग शेजारच्या काकींकडे जेवला, मग भागळच्या बाजारात जाऊन उभ्याने खाल्लं. वहीत त्याने प्रामाणिकपणे लिहिलं : भूक, दहापैकी शून्य. आणि ‘मनात काय होतं’ हा रकाना कोरा ठेवला.

सांगावं तर ती जाणार. नुसती जाणार नाही. पंगतीत बसायचं जे धैर्य तिने महिनाभर घाम गाळून कमावलं होतं, तेही मोडणार. आणि न सांगावं, तर बारा तारखेला तोच हात तिच्या पानात वाढणार, आणि ती त्या हाताकडे विश्वासाने बघत खाणार! हे दुसरं त्याला पहिल्याहून वाईट वाटलं. गुरुवारी मेळावा सुटल्यावर त्याने मृदुलाबेनना सगळं सांगितलं.

“आणि हे मला का सांगतोयस?” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझ्या पानात थोड्याच घातल्या होत्यास जिलब्या?”

शनिवारी त्याने बाकावर बसण्याआधीच सांगून टाकलं. उभ्या उभ्या, श्वासही न घेता. नवसारी, वसंतपंचमी, परात... सगळं.

झरणा ऐकत राहिली. ती रडली नाही. हातातला खमणचा पुडा तिने बाकावर नीट ठेवला.

“किती लग्नांत म्हणालास?”

“दोनशे. जास्तच असतील.”

“सगळे हसायचे?”

“हो.”

“आणि ती?”

“ती कोण?”

“जिला म्हणायचास, ती. ती काय करायची?”

उत्पलने आठवून पाहिलं. चेहरे आठवेनात. फक्त एक गोष्ट आठवली. “ती... ती पण हसायची.”

“मी पण हसले होते, उत्पल,” झरणा म्हणाली.

आणि ती गेली. स्कूटीचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत राहिला. उत्पल त्या बाकावर किती वेळ बसून होता, ते त्याचं त्याला माहीत. पुड्याला मात्र त्याने हात लावला नाही.

त्यानंतर ती भूकमंडळात आली नाही. फोन उचलला नाही. उत्पलने एकच मेसेज पाठवला : ‘पंगतीत बस. मी तिथे नको असेन तर येणार नाही. पण तू बस.’ मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या आल्या, उत्तर नाही.

घरी त्याने पप्पांना सांगितलं, “यापुढे मी आग्रह करणार नाही.”

किरीट महाराजांच्या हातातला झारा तसाच राहिला. “काय करणार नाहीस?”

“आग्रह. लोकांना विचारेन, किती वाढू. जेवढं म्हणतील तेवढं वाढेन.”

“अरे, मग लग्न काय, इस्पितळ काय?” महाराज कडाडले. “माझ्या बापाने या आग्रहावर नाव कमावलं! आणि तू म्हणे, विचारणार! मुलीकडचे काय म्हणतील, जानी महाराजांचा माल कमी पडला?”

“पप्पा, तुम्हाला भूक नसताना कोणी घातलंय कधी पानात?”

“रोज घालते तुझी मम्मी!”

“मग?”

महाराज काहीतरी बोलणार होते. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. “...हळू बोल,” ते म्हणाले. “ऐकेल ती.”

एवढ्यावर भांडण मिटलं असं नाही. पण बारा तारखेची एक लग्नपंगत किरीट महाराजांनी उत्पलच्या पद्धतीने होऊ द्यायचं कबूल केलं. “तक्रार आली तर दुसऱ्या दिवसापासून भांडी घासशील,” ही अट घालून.

बारा फेब्रुवारी. अडाजणच्या मैदानावर मांडव, सनईची रेकॉर्ड, अत्तराचा आणि तळणाचा वास. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. उत्पल मोहनथाळाची परात घेऊन निघाला. “किती वाढू, काका?” “एक? एक.” “बेन, तुम्हाला? नको? बरं.” लोक चमकून बघत. एक आजोबा तर रुसलेच : “नुसतं विचारतोस काय रे? जबरदस्ती कर की!” उत्पलने हसून त्यांचा हात हातात घेतला. “आजोबा, मनात असेल तर मागा. दहा मागितले तर दहा देईन.” आजोबांनी चार मागितले.

एका पाटावर पाहुण्यांतली, नुकतंच लग्न झालेली एक जाडजूड, लाजरी मुलगी बसली होती. पूर्वीच्या उत्पलने तिथे थांबून घसा मोकळा केला असता. आता त्याने खाली वाकून फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं, “किती वाढू, बेन?” ती म्हणाली, “दोन.” त्याने दोन वाढले आणि तिच्या पानाकडे परत वळून पाहिलं नाही.

रांगेच्या टोकाला शेवटचा पाट. उत्पलने मान वर केली आणि परात त्याच्या हातून सुटता सुटता राहिली.

झरणा बसली होती. मोरपंखी साडी, लांब वेणी. पुढे पूर्ण वाढलेलं ताट, अजून न स्पर्शलेलं.

“मी मघापासून बघतेय,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “तिकडच्या त्या नव्या नवरीपाशी थांबलास, तेव्हा माझा श्वास थांबला होता.”

“माझाही,” उत्पल म्हणाला.

“मी तुझ्यासाठी नाही आले. पौलोमीसाठी आले. आणि माझ्यासाठी.”

“माहितेय.”

“विचार मग.”

तो परात घेऊन वाकला. “किती वाढू?”

“एक.”

त्याने एक वाढला. आमंत्रण अख्ख्या गोताला होतं; तिच्या मावश्या-मामी शेजारी होत्या, पलीकडे पौलोमीच्या सासरची माणसं. झरणाने चौफेर बघितलं. मग मोहनथाळाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. घाई नाही, लपवणं नाही. चावताना डोळे मिटले तिने... वेलची, केशर, खरपूस बेसन. मग वरण, मग पुरी, मग उंधियू. उत्पल दुसऱ्या टोकाला जाऊन आला, परत गेला, परत आला. पण बघायचं नाही म्हणजे नाही! हा निग्रह त्याला लोचोच्या तिसऱ्या प्लेटीपेक्षा कितीतरी कठीण गेला. चौथ्या फेरीला तिने हाक मारली.

“मोहनथाळ. अजून अर्धा.”

त्याने अर्धा वाढला.

“बस,” ती म्हणाली.

पूर्वी ‘बस’ हा शब्द म्हणजे त्याच्यासाठी आग्रहाची सुरुवात असे. आज तो तिथेच थांबला.

जेवून ती हात धुवायला मांडवाच्या कडेला आली. उत्पल तिथे तांब्या घेऊन उभाच होता. त्याने तिच्या हातांवर पाणी घातलं. ती हात पुसत राहिली, आधीच कोरडे झालेले.

“रागावले होते मी तुझ्यावर,” ती म्हणाली. “अजूनही थोडी रागावलेली आहे. पण वहीत लिहिताना कळलं, तीन वर्षांत मला दुखावणाऱ्या कोणीही मला येऊन सांगितलं नव्हतं, की मी चुकलो. तू सांगितलंस. न सांगता भागलं असतं तुझं.”

“नसतं भागलं,” उत्पल म्हणाला. मग परातीपेक्षा जड असं काहीतरी उचलल्यासारखा त्याने श्वास घेतला. “झरणा... मम्मी-पप्पांना तुझ्या घरी पाठवू? लग्नाचं विचारायला?”

तिने खाली बघितलं. “नको.”

उत्पलचा चेहरा उतरला. पण शिकलेला माणूस तो. “बरं,” तो म्हणाला, आणि तांब्या घेऊन वळला.

“अरे देवा!” झरणाने कपाळावर हात मारला. “ए शहाण्या! इकडे ये. कुठे चाललास?”

“तू नको म्हणालीस ना.”

“म्हणाले! पहिल्या नको-वर कोणी निघून जातं का? सुरतेचा ना तू?”

उत्पल तिच्याकडे बघतच राहिला. “म्हणजे... आग्रह करू?”

“ते मी कसं सांगू?” तिचे गाल लाल झाले होते. “करून बघ.”

आणि काय सांगू, दोनशे लग्नं गाजवलेला तो आग्रहाचा माणूस, त्याची जीभ टाळ्याला चिकटली! डोळ्यांत बघायचं, आवाज खाली आणायचा... सगळं विसरला. “झरणा,” तो कसाबसा म्हणाला, “माझ्याशी लग्न कर ना.”

“विचार करते.”

“कर ना गं.”

“अजून एकदा.”

“झरणा, मला तू हवी आहेस. सगळी. जशी आहेस तशी.”

 डोळे भरले होते तिचे. मग ती “हो” म्हणाली. आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली, की पंगतीतल्या दीडशे माणसांनी घास हातात धरून माना वळवल्या. मावश्या, मामी, पौलोमीची सासू, झारा घेतलेले किरीट महाराज... सगळे टक लावून बघत होते. झरणाने त्यांना मनसोक्त बघू दिलं.